‘मामावर गेलाय’ म्हणून सोडून देऊ नका

वाचकाचं पत्र

माझा धाकटा साडेआठ वर्षांचा आहे, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. थोरली सहावीत. ती पहिलीत जायच्या आधीच पेपर वाचायची, गेल्या वर्षी शिष्यवृत्तीत आली. धाकट्याचं ‘कमळ’, ‘बदक’ जमतं, पण काना-मात्रा आल्या की अडतो. पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द ठोकून देतो. जोडाक्षर आलं की पुस्तक मिटतो. ‘चिखल’ लिही म्हटलं तर ‘चखिल’ लिहितो. गुरुजी म्हणतात, डोकं आहे, पण कंटाळा करतो. सासूबाई म्हणतात, मामावर गेलाय. माझ्या भावानं सातवीत शाळा सोडली, आता त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. मी रोज रात्री जेवणं झाल्यावर साडेदहापर्यंत याला लिहायला बसवते, तरी फरक नाही. मग याचे वडील हात उगारतात. द्राक्षबागेतलं मात्र याला सगळं कळतं. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या प्लॉटचा, ठिबकची कुठली लाईन तुंबलीय, बरोबर सांगतो. परवा सांगलीत एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. दहा बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू डावा की उजवा, पुढे तो काय होईल, ते सांगतात. काही हजार रुपये मागतात. तिथले सर म्हणाले, मेंदू सहाव्या वर्षापर्यंतच घडतो, तुम्ही आधीच उशीर केलाय. तेव्हापासून मला झोप नाही. ठसे द्यावेत का? का त्याला पुन्हा दुसरीत बसवू? का इंग्रजी माध्यमात घालू?
– एक आई, तासगाव तालुका

उत्तर

ताई,

बोटांचे ठसे देऊ नका. ते पैसे बाजूला ठेवा, मिरजेच्या फेरीला उपयोगी पडतील. ती फेरी कशासाठी, ते पुढे सांगते. आधी ‘उशीर झालाय’ या वाक्याकडे बघू, कारण त्यानं तुमची झोप उडवली आहे.

त्या सरांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. जन्माच्या वेळी बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव आकाराचा असतो. पहिल्या वर्षात तो जवळजवळ दुप्पट होतो आणि सहाव्या वर्षापर्यंत ९० टक्क्यांच्या आसपास पोचतो. पण हा झाला आकार. आतली जोडणी त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहते. पेशींच्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण चढत जातं आणि त्यामुळे निरोप वेगानं पोचतात. हे काम विशी अर्धी उलटेपर्यंत चालतं. लक्ष धरून ठेवणं, मनाला आवर घालणं, पुढचा विचार करणं ही कामं कपाळामागचा जो भाग करतो, तो तर सगळ्यात शेवटी पिकतो.

पीटर हुटनलोकर या मेंदूतज्ज्ञांनी १९७९ मध्ये वेगवेगळ्या वयात वारलेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप तपासून पेशींमधले जोड मोजले होते. लहान मुलांच्या मेंदूत हे जोड मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. म्हणजे मेंदू आधी भरमसाट जोड करून ठेवतो आणि मग त्यातले कमी करत जातो. हे तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी तुमच्या घरात दरवर्षी होते. काडी काढली म्हणून वेलीचं नुकसान होत नाही, हे तुमचा धाकटाही सांगेल. मेंदूतली छाटणी मात्र दोन बाबतींत वेगळी आहे. तिथे कात्री कुणाच्या हातात नसते. जे जोड रोज वापरात राहतात ते टिकतात, जे पडून राहतात ते जातात. आणि तिथे सगळ्या प्लॉटची छाटणी एकाच हंगामात होत नाही. पाहण्या-ऐकण्याच्या भागात ती लवकर होते, कपाळामागच्या भागात मिसरूड फुटेपर्यंत आणि त्यापुढेही चालते.

काही गोष्टींना मात्र लवकरचीच वेळ असते, तेही सांगते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी बोलणाऱ्या घरांमधल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यातला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांना तो कळेनासा झाला, कारण त्यांच्या घरात तो फरक कुणी वापरतच नव्हतं. आपल्याकडचं बाळ ‘त’ आणि ‘ट’, ‘ल’ आणि ‘ळ’ पाळण्यात असल्यापासून ऐकतं, म्हणून ते त्याला जन्मभर पुरतात. नजरेचंही असंच आहे. जन्मतः मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच व्हावी लागते, कारण मेंदूतला पाहण्याचा भाग त्या काळात घडत असतो.

वाचन यात मोडत नाही. लखनऊजवळच्या खेड्यांमध्ये कधीच वाचायला न शिकलेल्या माणसांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. त्यात बहुतेक बायका होत्या, वय तिशीच्या आसपास. शिकवण्याआधी आणि शिकवल्यानंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्या वाचायला शिकल्या होत्या आणि मेंदूतही बदल दिसत होते, अगदी खोलवरच्या भागांपर्यंत. तिशीतल्या बाईचा मेंदू सहा महिन्यांत अआइईसाठी जागा करतो, तर साडेआठ वर्षांच्या पोराला उशीर कसला झाला, ताई? आज रात्री शांत झोपा.

आता त्याच्याविषयी. पत्रावरून निदान करू नये आणि मी ते करत नाही. पण तुम्ही ‘चखिल’ लिहून पाठवलंत ते फार बरं केलंत. तो शब्द मी बराच वेळ बघत होते.

‘चिखल’ हा शब्द सावकाश बोलून बघा. आधी ‘च’ येतो, त्याच्या मागून ‘इ’, मग ‘ख’, मग ‘ल’. कागदावर मात्र पहिली वेलांटी निघते आणि ‘च’ तिच्या उजवीकडे बसतो. म्हणजे कानाला जे दुसरं, ते डोळ्याला पहिलं. तुमच्या मुलानं काय केलं असेल? ऐकलं त्या क्रमानं लिहिलं. ‘च’ काढला, त्यानंतर ‘इ’ ऐकू आली म्हणून वेलांटी काढली, मग ‘ख’, मग ‘ल’. वेलांटी जाऊन बसली ‘ख’च्या डोक्यावर आणि आपण वाचलं ‘चखिल’. पोरानं एकही आवाज गाळला नाही, क्रमही चुकवला नाही. लिपीची एक अडचणीची रीत त्याला कुणी फोड करून दाखवलेली नाही, एवढंच ही चूक सांगते. मराठीत अशा जागा पुष्कळ आहेत. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी येतो, पण लिहिताना रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर चढतो. ‘चक्र’मधला ‘र’ खाली जाऊन बसतो. थोरलीनं या रीती नुसत्या बघून उचलल्या. बऱ्याच मुलांना त्या एकेक करून, पुन्हा पुन्हा शिकवाव्या लागतात.

बोलणं माणसाला आपोआप येतं. माणसांमध्ये वाढणारं मूल कुणी शिकवणी न घेता बोलायला लागतं. लेखन अवघं पाच-साडेपाच हजार वर्षांचं आहे. त्यासाठी मेंदूत जन्मतः वेगळा भाग नसतो. चेहरे आणि वस्तू ओळखायला जे भाग आहेत, त्यांतलाच डावीकडचा एक भाग सरावानं अक्षरांसाठी तयार होतो आणि मग तो आवाजाच्या भागाशी जोडावा लागतो. शेळी डावीकडे तोंड करून उभी असो की उजवीकडे, आपल्याला ती शेळीच दिसते; तीच सवय लहान मुलं अक्षरांना लावतात आणि इंग्रजीतले बी-डी उलटे काढतात. सातेक वर्षांपर्यंत असं चालायचंच. हा जो डोळ्यांपासून आवाजापर्यंतचा रस्ता आहे, तो प्रत्येक मुलात सारख्या सहजतेनं तयार होत नाही. एकाच आईच्या दोन लेकरांतही होत नाही. सख्ख्या भावंडांमध्ये आईवडिलांकडून आलेली जनुकं सरासरी निम्मीच जुळतात. ताईसारखा भाऊ निघाला नाही यात नवल काही नाही.

१८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं होतं. मुलगा चलाख होता, गणित चांगलं होतं, पण वर्षानुवर्षं शिकवूनही त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या शिक्षकांचं मत असं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. आज याला डिस्लेक्सिया म्हणतात, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता. तिचा बुद्धीशी संबंध नसतो. मूळ अडचण बहुतेक वेळा शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते. तुमच्या मुलाला ती आहेच असं मी म्हणत नाही. कन्नड शाळांमधल्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासारख्या बाराखडीच्या लिपीत सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतही वेळ लागतो, असं त्यात दिसलं. तेव्हा तिसरीत जोडाक्षरं अडणं ही घाबरायची गोष्ट नाही. पण साध्या काना-मात्रेला अडणं, पहिल्या अक्षरावरून शब्द ठोकणं आणि सोबत घरात मामाचा इतिहास, हे तिन्ही एकत्र आलं की तपासून घ्यायला हवं.

मामाचं पाहा. वाचनाची ही अडचण घराण्यात चालते, आईकडून किंवा वडिलांकडून. म्हणून सासूबाईंनी जे पाहिलं ते चुकीचं नसेल. त्यातून त्यांनी जे ठरवलं ते मला मान्य नाही. ‘मामावर गेलाय’ म्हणून आपण सगळे हात झटकून मोकळे होतो. जो माणूस जळालेली मोटर उघडून तिचे वेटोळे मोजून पुन्हा भरतो, त्याला लहानपणी कुणी रोज पंधरा मिनिटं नीट शिकवलं असतं तर तो सातवीत घरी बसला नसता. त्याच्या बाबतीत जे राहून गेलं, ते याच्या बाबतीत राहू नये एवढ्यासाठी मी इतकं लांबण लावतेय. हल्ली शिकली-सवरली माणसंही ‘प्रत्येक मूल वेगळं असतं’ असं म्हणून गप्प बसतात. वेगळं असतं हे खरंच आहे. पण वेगळ्या मुलाला वेगळं शिकवायला नको का? ‘होईल हळूहळू’ म्हणून तीन वर्षं वाट बघणं मला ‘मठ्ठ’ म्हणण्याइतकंच जाचतं. वाट बघण्यात मूल मागे पडत जातं, कारण चौथी-पाचवीपासून विज्ञान, भूगोल, गणितातली उदाहरणं, सगळंच वाचून शिकायचं असतं.

उद्यापासून दोन गोष्टी बंद करा. पहिली, रात्रीचा अभ्यास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. साडेदहापर्यंत पेंगत दहा-दहा वेळा लिहिलेल्या शब्दांतलं फार थोडं हाताला लागतं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तो जांभया देत बसतो. मग ‘कंटाळा करतो’ हा शेरा मिळणारच. दुसरी, हात उगारणं. हे त्याच्या वडिलांना वाचून दाखवा. अडखळत वाचणाऱ्या मुलाला एका शब्दासाठी चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात: अक्षर कोणतं, आवाज कोणता, मागचं काय होतं, मिळून काय झालं. एका क्षणी एवढं धरून ठेवायची जागा मोठ्यांकडेही थोडीच असते, मुलांकडे त्याहून कमी. त्यात ‘आता फटका बसतोय’ हा विचार शिरला की ती जागा भरून जाते. मग त्याला आधी येत असलेलंही आठवत नाही. दादा, तो नाटक करत नाही. त्या वेळी त्याला खरंच आठवत नसतं.

त्याऐवजी शाळेतून आल्यावर, खाऊन-खेळून झाल्यावर पंधरा मिनिटं बसा. त्यातली पहिली काही मिनिटं वही-पुस्तकाशिवाय. घरात बेदाणे आहेत, त्यातले मूठभर घ्या. तुम्ही म्हणा ‘दुकान’. त्यानं प्रत्येक तुकड्याला एक बेदाणा पुढे सरकवायचा: दु, का, न. तीन बेदाणे. आता पहिला बेदाणा उचला आणि विचारा, काय उरलं? ‘कान’. ‘विमान’मधला पहिला उचलला की ‘मान’, ‘कपाट’मधला उचलला की ‘पाट’, ‘पाऊस’मधला उचलला की ‘ऊस’. हे जमायला लागलं की एकच तुकडा बदलायला सांगा: ‘माळ’मधल्या ‘मा’च्या जागी ‘गा’ घातला तर? ‘बाळ’चा ‘बा’ काढून ‘जा’ घातला तर? उत्तर बरोबर आलं की बेदाणा तोंडात. हा खेळ आहे आणि हेच वाचनाचं मूळ काम आहे. जो मुलगा शब्दाचे तुकडे कानानं सुटे करू शकतो, त्यालाच प्रत्येक तुकड्याला कोणतं चिन्ह लागतं हे कळायला लागतं.

मग वही. एका आठवड्यात एकच चिन्ह घ्यायचं. पहिला आठवडा फक्त काना. तो पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, मग वर्गात कुठलाही धडा चालू असो. पहिल्या वेलांटीच्या आठवड्यात त्याला स्पष्ट शब्दांत सांगा: ‘ही ऐकू येते मागून, पण काढायची आधी.’ तोंडानं ‘चि’ म्हणत, ताटातल्या पिठात बोटानं आधी वेलांटी, मग ‘च’ काढायला लावा. ‘चि’, ‘कि’, ‘मि’, ‘दि’, मग ‘दिवा’, ‘विमान’, ‘हिरवा’. कालचे दोन-तीन शब्द आज पुन्हा विचारायचे, परवाचे उद्या. एकाच दिवशी दहादा गिरवण्यापेक्षा चार दिवस थोडं थोडं आठवून लिहिलेलं जास्त टिकतं. शेवटची पाच मिनिटं तुम्ही त्याला आवडेल ते वाचून दाखवा, शब्दाखाली बोट फिरवत. ठिबकच्या माहितीपत्रकापासून गोष्टीच्या पुस्तकापर्यंत काहीही चालेल. त्याची समज त्याच्या वाचनाच्या कितीतरी पुढे आहे. वाचता येत नाही म्हणून ती उपाशी राहता कामा नये.

हे सगळं तुम्ही करायचं, थोरलीनं नाही. ती बिचारी मनापासून शिकवेल, पण जिच्याशी रोज तुलना होते तिच्यासमोर अडखळणं त्याला फार जड जाईल. तिला भाऊ म्हणून त्याच्याशी खेळू दे.

आता मिरजेची फेरी. तुमच्या भागात हे सांगावं लागत नाही. कुणाला काही झालं की लोक मिरज गाठतातच. तिथल्या किंवा सांगलीच्या सिव्हिलमध्ये कान-नाक-घसा विभागात कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं त्याची तपासणी, करून घ्या आणि डोळे तपासून घ्या. हे सगळ्यात आधी. मुलांना वरचेवर सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. दुखत नाही, वाहत नाही, पण ऐकू कमी येतं, तेही कधी येतं कधी नाही. अशा मुलाला ‘प’ आणि ‘ब’ सारखेच वाटतात, आणि त्याला नावं ठेवली जातात लक्ष देत नाही म्हणून. कान-डोळे ठीक निघाले तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रा’ची चौकशी करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्यातली ही सोय अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोफत आहे. याच कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक दरवर्षी शाळेतही येतं. पथकाला गुरुजींमार्फत मुलाच्या वाचनाविषयी मुद्दाम सांगा, नाहीतर वजन-उंची मोजून पथक पुढे जातं. शिवाय पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना शाळेत येऊन मुलाला बघायची विनंती मुख्याध्यापकांनी करायची असते. तुम्ही साधा अर्ज लिहून द्या आणि त्याची पोच घ्या.

वाचन-लेखनाच्या अक्षमतेचा दाखला आठ वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत. तुमचा मुलगा त्या वयाचा झालाय. दिव्यांग हक्क कायद्यात २०१६ पासून अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दाखला असेल तर पुढे दहावीला जादा वेळ, गरज पडल्यास लेखनिक अशा सवलती मिळतात. ‘दिव्यांग’ हा शब्द ऐकून घरात कुणी दचकलं, तर त्यांना सांगा की दाखला घेणं सक्तीचं नाही, आणि शिकवणं दाखल्याशिवायही सुरू होतं. बेदाण्यांचा खेळ तर आजच सुरू होतो. ज्या मुलांना आवाज आणि अक्षर यांचं नातं असं पायरीपायरीनं शिकवलं गेलं, त्यांच्या मेंदूतले वाचनाचे भाग नंतर जास्त कामाला लागलेले दिसतात, हे मेंदूच्या प्रतिमा घेऊन पाहिलेलं आहे.

ठशांविषयी. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असताना, पहिल्या चार-पाच महिन्यांतच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यावरून बुद्धी, कल किंवा करिअर कळतं याला शास्त्रीय आधार नाही. डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींमध्ये तळहातावरच्या रेषा वेगळ्या असू शकतात, एवढं डॉक्टर बघतात. त्या खऱ्या गोष्टीच्या आडून हा धंदा चालतो. ‘डावा मेंदू, उजवा मेंदू’ हेही तसंच. भाषेचं काम बहुतेकांमध्ये डावीकडे जास्त चालतं हे खरं, पण सगळा माणूसच डाव्या किंवा उजव्या मेंदूचा, असं नसतं. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजाराहून जास्त लोकांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, सात ते एकोणतीस वर्षं वयाच्या. असे दोन गट त्यांना सापडले नाहीत. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालंय. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. घाबरलेल्या आईला ‘उशीर झालाय’ म्हणायचं आणि लगेच पावती पुस्तक काढायचं, हे मला पाहवत नाही. उद्या कुणी डोळे बांधून वाचायला शिकवणारं ‘मिडब्रेन’चं शिबिर घेऊन आलं, तरी हेच लक्षात असू द्या. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, तो कुणी चालू करायचा नसतो. आणि ती पोरं नाकाशेजारच्या फटीतून बघतात.

पुन्हा दुसरीत बसवू नका. तिसरीत मुलाला मागे ठेवणं शिक्षण हक्क कायद्यातही बसत नाही. शिवाय ज्या पद्धतीनं एकदा आलं नाही, तीच पद्धत वर्षभर पुन्हा आणि वरून मित्रांची ताटातूट. इंग्रजी माध्यमही नको. मराठीत निदान चिन्ह आणि आवाज यांचं नातं बरंच पक्कं असतं. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार आवाज. घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत तो दुप्पट अडकेल.

गुरुजींना भेटा, पण तक्रार घेऊन नको. एका वर्गात एवढी मुलं सांभाळताना एकाची अडचण नजरेतून सुटू शकते. त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागा: सगळ्यांसमोर उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नये, आणि चाचणीतले प्रश्न त्याला तोंडी विचारून बघावेत. तोंडी उत्तरं बरोबर आली की ‘कंटाळा करतो’ हे मत त्यांचं त्यांनाच बदलावं लागेल.

आणि त्याला स्वतःला काय सांगायचं? साडेआठ वर्षांच्या मुलाला आपल्याविषयी घरात काय बोललं जातं ते सगळं कळतं. त्याला सरळ सांगा की वाचायला त्याला इतरांपेक्षा जास्त मेहनत पडते, त्यासाठी आपण वेगळ्या पद्धतीनं शिकणार आहोत आणि त्याला वाचता येणार आहे. ‘तू हुशार आहेस’ असं नुसतं म्हणू नका, त्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. ‘काल तुला वेलांटी कुठे काढायची ते आठवत नव्हतं, आज तीन शब्दांत बरोबर काढलीस’ असं म्हणा. मामाला एखाद्या रविवारी घरी बोलवा. शाळेत बाकावर उभं राहून काय वाटायचं ते त्यानं भाच्याला सांगितलं, तर ते माझ्या सगळ्या पत्रापेक्षा जास्त पोचेल.

ऑडिओमेट्रीचा कागद मिळाला की मला कळवा. त्यासोबत त्यानं लिहिलेलं एक पान पाठवा: तुम्ही सांगितलेले वीस साधे शब्द, त्यानं ऐकून लिहिलेले. लाल पेन लावू नका, एकही अक्षर दुरुस्त करू नका, खाडाखोड केली असेल तर तीही तशीच राहू द्या. पुढच्या महिन्यात कोणतं चिन्ह घ्यायचं ते त्या पानावरून ठरवू.